धक्का न देता सुटलेली गाडी

आमची जुनी पॅसेंजर सुटण्याआधी एक धक्का द्यायची. सकाळी दौंड स्टेशनात रिकामे डबे फलाटाला लागलेले असत, इंजिन मागाहून यायचं, आणि ते लागलं की पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत एक हिसका पळत जायचा. फळीवरची बॅग पुढं सरकायची, झोपलेल्याचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटायचं, आणि समोर चहाच्या टपरीपाशी उभी असलेली माणसं बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवायची. धक्का बसला म्हणजे अजून दहा मिनिटं. घड्याळ कोणी बघत नसे.

दौंडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मनमाडकडून येणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथं सोडायचं आणि फिरवून दुसऱ्या टोकाला लावायचं, ही रीत इथं पिढ्यान्‌पिढ्या चालली. तेवढ्या वेळात गावानं चहा विकला, वडे विकले, सोयरिकी जमवल्या. ‘इंजिन फिरेपर्यंत’ हे इथं वेळेचं माप आहे. माझी घरमालकीण कुकर लावून शेजारी जाताना सांगते, “इंजिन फिरंस्तवर येते.”

मी दौंडचा नाही. मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडली, दोन वर्षं भाताच्या बांधीत काढली आणि मग गावच्या एका ओळखीनं शिरूरच्या कारखान्यात खोकी भरायच्या कामाला निघालो. दौंडला उतरायचं आणि तिथून एसटीनं शिरूर, एवढं पाठ करून दिलं होतं. वाटेत मनमाडला पाणी भरायला खाली उतरलो. बाटली निम्मी भरली आणि गाडी हलली. माझी पिशवी, तिच्यात शाळेचा दाखला आणि आईनं बांधून दिलेले मुरमुऱ्याचे लाडू, दौंडकडं निघून गेली आणि मी नळापाशी. मागच्या गाडीनं रडत-रडत दौंडला आलो. डब्यातल्या कुणा भल्या माणसानं पिशवी उतरवून फलाटावरच्या टपरीवर ठेवली होती. टपरीवाल्यानं नाव विचारलं, दाखल्याशी ताडून पाहिलं, पिशवी दिली आणि वर चहा पाजला. लाडू मोजून घे म्हणाला. तेव्हापासून माझ्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. दौंडचे उपकार, आणि उभ्या गाडीतून खाली पाय न ठेवणं.

शिरूरचं कंत्राट दीड वर्षात संपलं. मग हडपसरच्या एका कापडाच्या गोदामात घड्या घालायचं काम मिळालं. दौंडात खोली स्वस्त, म्हणून राहणं दौंडात आणि रोज जाणं-येणं पॅसेंजरनं. भीतीपोटी मी गाडी सुटायच्या पाऊण तास आधी डब्यात जाऊन बसायचो. इंजिन नाही, दिवे नाहीत, डब्यात मी आणि एखादं कुत्रं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी खिडकीतून एक बॅग आत आली. तिच्यामागं आवाज. “पाव्हणं, एवढी ठिवा की शेजारी. आम्ही चहाला हाय.” ते आप्पा. वरवंडला कालव्याच्या अगदी शेवटाला त्यांची जमीन, घर दौंडात, आणि पुण्यातल्या एका कॉलेजात शिपाई. पाठोपाठ आणखी पाच बॅगा आल्या. धक्का बसल्यावर बॅगांची माणसं आली. मी बॅगा राखल्या होत्या खऱ्या, पण स्वतः अर्ध्या बुडावर कडेला बसलो होतो. आप्पांनी मला आत सरकवलं आणि विचारलं, “जेवून आला का असाच?”

तेव्हापासून आम्ही सात. आप्पा. मामा, हे शिरूर तालुक्यातल्या केंदूरचे, बायको दौंडची म्हणून इथं स्थायिक. त्यांच्या तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही, त्यामुळं पन्नाशीतही गाडी आली की त्यांचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा होतो. चाचा, यांचे वडील जुन्या लोको शेडमधले, हे स्वतः पुण्याच्या कॅम्पात शिंपी. रेल्वेबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. एक बँकेतले साहेब. आणि दोघे भाऊ, जे एकाच दुकानात कामाला होते आणि एकच वाक्य दोघांत वाटून बोलायचे. सातवा मी. समोरासमोर चार-चार माणसांचे दोन बाक, सात माणसं, आठव्या जागी डबे. मी जागा धरायच्या आणि त्यांनी मला माणसात धरायचं, असा न बोललेला सौदा होता. निदान मी तरी तसंच समजत होतो. माझ्या बोलण्यातल्या ‘काहून’ आणि ‘जी’ची रोज टिंगल व्हायची, आणि ज्या दिवशी व्हायची नाही त्या दिवशी मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं.

मग नवी गाडी येणार असं ठरलं.

बँकेतल्या साहेबांनी फोनवर फोटो दाखवले. स्टीलचे चकचकीत डबे, गादीचे बाक, दारावर पुढच्या स्टेशनाचं नाव लाल अक्षरांत. सगळे फोनवर असे वाकले जणू मुलगी पाहायला आलेत.

“इंजिन कुठाय हिचं?” मामा म्हणाले.

“इंजिन नसतं. डब्याखालीच मोटारी,” साहेब म्हणाले. “दोन्ही टोकाला ड्रायव्हरची केबिन. इकडून तिकडं जायचं तर ड्रायव्हर फक्त चालत जातो.”

“ते काय मला सांगायला पायजे? वालिदसाहेब मरेपर्यंत हेच सांगायचे, एक दिवस इंजिनच राहणार न्हाई,” चाचा म्हणाले.

“आन् संडास?” आप्पांनी विचारलं.

“आहे.”

“पाणी?”

“तेपण असेल की आप्पा.”

“असंल म्हंजी न्हाई.”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी फोटोतले बाक मोजत होतो. तीन माणसं इकडं, तीन तिकडं. मधला फोटो, कडेचा फोटो, साहेबांच्या हातातून फोन घेऊन सगळे फोटो पाहिले. तीन आणि तीन. सहा. आम्ही सात.

त्या दिवसापासून माझी अन्नावरची वासना उडाली. सगळ्यात शेवटी आलेला मी, वयानं लहान मी, नात्याचा ना गोताचा. कोणी मला ‘जा’ म्हणणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण न म्हणता माणूस कसा बाहेर पडतो हेही मला ठाऊक होतं. आधी पलीकडच्या बाकावर, मग पलीकडच्या डब्यात, मग “अरे, हल्ली दिसत न्हाईस.” रात्री मी अंथरुणात सहाला सातानं भागून पाहायचो. आठवी नापासाला त्याचं उत्तर येत नव्हतं. बहुतेक पास झालेल्यालाही येत नसावं.

बाकीचे मात्र खुळे झाले होते. जुन्या गाडीच्या शेवटच्या दिवशी मामांनी आमच्या बाकाखालच्या गंजलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले, आणि पुढच्याच मिनिटाला नव्या गाडीच्या हाराची मापं काढायला बसले. हार सहा हाती की नऊ हाती, यावर दौंड ते उरुळी भांडण झालं. मामा आदल्या दिवशी मुद्दाम तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जाऊन टोपलीभर झेंडू घेऊन आले. दौंडात झेंडू मिळत नाही का, असं विचारल्यावर म्हणाले, “आमच्या तालुक्याला गाडी न्हाई, निदान फुलं तरी गाडीला लागू द्या.” नारळ चाचांनी आणला. “नारळ माझाच. बापाची अर्धी हयात इंजिनापाशी गेली माझ्या. आपण हार घालू तिथं तुम्ही फोडा, आप्पा.” पेढे दोघा भावांनी आणले, अर्धा किलो एकानं, अर्धा किलो दुसऱ्यानं.

आणि तो दिवस उजाडला. मी पाऊण तासाऐवजी सव्वा तास आधी गेलो. गाडी फलाटाला उभीच होती. आत शिरलो आणि क्षणभर चप्पल काढावी की काय असं वाटलं. प्लॅस्टिकचा नवा वास. आमच्या टपरीसमोर येणारं दार शोधलं, बाक शोधला, मोजला. सहाच. जेवढ्या वेळा मोजला तेवढ्या वेळा सहा.

हळूहळू सगळे आले. खिडकीतून बॅगा येईनात, खिडकीची काच पुरती उघडत नव्हती, म्हणून एकेकानं दारातून आत येऊन बॅग ठेवली, गादी दाबून पाहिली, पंख्याकडं पाहिलं, मान डोलावली आणि तो टपरीकडं गेला. सहा बॅगा मी सहा जागांवर मांडल्या. खिडकीजवळ आप्पांची, त्यांच्यासमोर चाचांची, अशा रीतसर. माझी पिशवी गळ्यात अडकवून मधे उभा राहिलो.

बाहेर टपरीपाशी आप्पा, मामा, चाचा, साहेब आणि भाऊ गोल करून उभे. मामांच्या खांद्यावर हार शालीसारखा. नव्या गाडीच्या मानानं दुसरा चहा सांगितला होता. टपरीवाल्यानं, त्याच माझ्या पिशवीवाल्यानं, आलं जास्त घातलं म्हणे. आधी चहा, मग धक्का, मग पूजा, असा बेत.

मला वाटतं, त्या सहा माणसांना इंजिन नाही हे पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी सांगितलं होतं, चाचांनी मान्य केलं होतं. पण ते डोक्याला ठाऊक होतं. पायांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पाय वीस वर्षं धक्क्याला उठत आले होते, आणि पाय धक्क्याची वाट पाहत उभे होते. भोंगा झाला. दौंडात भोंगे सतत होतात, कोणी वळूनही पाहत नाही.

मी खिडकीतून पाहत होतो आणि टपरी हलली. खरंच, मला आधी टपरी हलल्यासारखी वाटली. मग खांब हलला, मग पाण्याचा नळ. आवाज नाही, हिसका नाही, बॅग जागची ढळली नाही. एक बारीक गुणगुण तेवढी, फ्रिजमधून येते तशी. आप्पांच्या ओठाला बशी होती. त्यांनी बशीवरून गाडीकडं पाहिलं, अगदी शांतपणे, दुसऱ्याची गाडी जाताना पाहावं तसं.

मनमाडला मी खाली होतो आणि पिशवी गाडीत. आता मी गाडीत होतो आणि सहा माणसं खाली. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली ते झालं, पण उलटं झालं. आणि काय सांगू, मला हसूच आलं. सहा बॅगांसमोर उभा राहून मी एकटा वेड्यासारखा हसत होतो. नव्या गाडीत पहिल्या दिवशी बेवारस सामान नको म्हणून पलीकडचा एक जण विचारायला लागला, “ह्या कुणाच्या?” मी म्हटलं, “माझ्या माणसांच्या जी.”

फोन वाजला. मामा. मागं वाऱ्याचा भणभणाट.

“जागा सोडू नगं. आम्ही पिकअपमदी हाय.”

“कोणत्या पिकअपमध्ये?”

“आप्पांच्या पुतण्याच्या. कांदा उतरवून वरवंडला परत चालला हुता, त्येला पुढं काढलाय. मागं बसलोय समदे. हार सांभाळायला दोघं लागत्यात. यवतला गाठतो.”

“यवतपर्यंत गाडी तुमच्या आधी जाईल मामा. नवी आहे.”

मागून आप्पांचा आवाज आला. “त्येला म्हनावं, नवी असली तरी पॅसेंजरच हाय. बाजूला घेत्यालच तिला.”

“आन् ऐक,” मामा म्हणाले, “माझा डबा आडवा करू नगं. पातळ भाजी हाय.”

पाटसला गर्दी चढली. डोक्यावर गवारीचं गाठोडं घेतलेल्या एक मावशी सरळ माझ्यासमोर आल्या. सहा बॅगा पाहिल्या, मला पाहिलं.

“एवढ्या शिटा एकट्याला?”

“माणसं येऊन राहिली जी.”

“कुठनं?”

“यवतवरून.”

“आन् बॅगा आधी आल्या?”

“हो जी. माणसं दौंडला चहाला राहिली.”

मावशींनी गाठोडं खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. टपरी, धक्का, हार, पिकअप, पातळ भाजी. माझ्या बोलीत सांगितलं, घाईत सांगितलं, हात हलवून सांगितलं. आयुष्यात एवढं मी कधी अनोळखी माणसाशी बोललो नव्हतो. मावशी हसून हसून आप्पांची बॅग मांडीवर घेऊन आप्पांच्या जागी बसल्या. “त्ये येस्तवर मी बसते. मला यवतलाच उतरायचंय. आता बघते कोन घेतंय ह्या शिटा.” त्यानंतर मला तोंड उघडावं लागलं नाही. केडगावला तीन कॉलेजची मुलं आली, त्यांना मावशींनी एवढंच सांगितलं, “वऱ्हाड यायचंय,” आणि मुलं मुकाट्यानं पुढं गेली.

केडगाव सोडलं नाही तोच गाडी मंदावली आणि थांबली. पाच मिनिटं. दहा. पलीकडच्या रुळावरून एक लांब एक्स्प्रेस धडधडत गेली. नवे दिवे, नवी गादी, दारावर लाल अक्षरांत ‘पुढील स्टेशन खुटबाव’, आणि आम्ही रानात उभे. मावशी म्हणाल्या, “तुझ्या आप्पाला ज्योतिष येतं का काय?”

यवत आलं. मी दारात लोंबकळून मागं पाहिलं. पुलाच्या पायऱ्यांवरून एक झेंडूची लांब ओळ धावत खाली येत होती, तिच्या पुढच्या टोकाला मामा, मागच्या टोकाला चाचा, मधे साहेबांच्या डोक्याला कांद्याची सालं चिकटलेली. पुढच्या टोकापर्यंत धावणं शक्य नव्हतं. समोर शेवटच्या केबिनमधून गार्ड वाकून पाहत होते. मामांनी जाता-जाता हार त्या शेवटच्या तोंडालाच अडकवला.

“ही पाठीमागची बाजू आहे हो,” गार्ड म्हणाले.

“दोन्हीकडनं तोंड एकसारखंच हाय की,” मामा म्हणाले. “संध्याकाळी परत येताना ह्येच पुढं आसंल.”

गार्डना हसू आवरेना. “नारळ मात्र फलाटावर. नवा रंग आहे.”

आप्पांनी नारळ फलाटाच्या कडेवर फोडला, अर्धी भकलं गार्डच्या हातात दिली आणि सगळे धापा टाकत डब्यातून डब्यात शिरत आमच्यापर्यंत आले. मावशी उतरताना आप्पांना म्हणाल्या, “पोरगं गुणाचं हाय. एक मिनिट बसलं न्हाई.”

गाडी सुटली. धक्का न देता. सगळे एकदम “आँ” म्हणाले आणि हसले. बॅगा उचलून सहाजणांनी बसावं म्हणून मी बाजूला सरकलो. कोणी बसेना. आप्पा बाकाकडं पाहत होते. त्यांनी बोटानं मोजलं. मला वाटलं, आलं. ज्याची वाट पाहिली ते आलं.

“मी उभा राहतो जी,” मी म्हटलं. “मला सवय आहे. बसा तुम्ही.”

“सहाच हायेत व्हय,” आप्पा म्हणाले. “मला फोटोत ध्येनात आलं न्हवतं. तुला आलं हुतं?”

मी होकाराची मान हलवली.

“तरीच. महिनाभर तोंड पाडून हुतास. मला वाटलं, घरची आठवन येती आसंल.” मग म्हणाले, “पाळी लावायची. कालव्याला पानी कमी आसलं की काय करतो आपन? भांडतो, आन् मग पाळी लावतो. हितं भांडान राहू द्या. एक जन उभा, सहा बसलेले. दौंड ते पाटस एक, पाटस ते केडगाव दुसरा, आसं हडपसरपातुर सात तुकडं पाडा.”

“सुरवात कुठनं?” साहेब म्हणाले.

“पानी पहिलं कुणाला सोडायचं आसतं? टेलला. शेवटाच्या रानाला आधी, न्हाईतर त्येला पोचतच न्हाई. माझंच रान टेलला हाय, मला इचारा. सगळ्यात शेवट आलेला कोन?”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“ह्यो पहिला बसंल. खिडकीला.”

दोघा भावांनी मिळून मला खाली दाबलं. मी आप्पांच्या जागी, खिडकीला, गादीवर. आणि आप्पा, साठीला दोन वर्षं कमी असलेले, वरचं नवं कडं धरून उभे राहिले आणि गाडीच्या हेलकाव्याबरोबर एवढे झुलायला लागले की मामा म्हणाले, “आप्पा, पडाल. ह्यो झोका न्हाई.”

“तुझ्या पाळीला तूबी झुल.”

माझी उभं राहायची पाळी मग त्यांनी लोणीच्या पुढची ठरवली. लोणी ते हडपसर. मी म्हटलं, हे फार थोडं होतं. चाचा म्हणाले, “बेटा, उतरायच्या दोन स्टेशनं आधी तू दारात जाऊन उभा ऱ्हातोस. रोज. आम्ही काय आंधळे हाये का?” ते खरं होतं. त्यांना ते कधीपासून दिसत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी पेढ्यात तोंड घातलं.

पाळी अजून चालू आहे. मामा आजारी पडले तर त्यांचा तुकडा वाटून घेतला जातो, आणि बरे झाल्यावर मामा तो फेडतात, कुणी नको म्हटलं तरी. धक्क्याचं काम आता माझ्याकडं आहे. सुटायच्या दहा मिनिटं आधी मी दारात उभा राहून एक रिकामा पत्र्याचा डबा दारावर ठोकतो आणि टपरीकडं ओरडतो, “इंजिन लागलं जी.” सहा बशा एकदम तोंडाला लागतात.

परवा मात्र आप्पा वर आले, माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि म्हणाले, “आज मी राखतो. तू खाली जा. चहा सांगितलाय तुझा.” मी नको म्हटलं. ते हलले नाहीत. मनमाडनंतर पहिल्यांदा मी सुटणाऱ्या गाडीतून खाली उतरलो. टपरीवाल्यानं बशी हातात दिली. मी गाडीकडंच पाहत होतो. खिडकीत आप्पा, डबा मांडीवर, मजेत बसलेले.

“तिकडं बघू नगं,” मामा म्हणाले. “गेली तर पिकअप हाय.”

मी गाडीकडं पाठ केली. चहा इतका गरम होता की जीभ पोळली, पण मी बशी खाली ठेवली नाही. पाठीमागं दारावर डबा वाजायला लागला.